ताप उतरला होता, मग अटॅक कसा आला?

पत्र : डॉक्टर, माझा दादा 34 वर्षांचा आहे. पोल्ट्रीच्या खाद्याची विक्री करतो, दिवसभर मोटारसायकलवर. गेल्या महिन्यात सोमवारी त्याला सणकून ताप भरला. खोकला, अंगदुखी. तपासणीत फ्लू निघाला. गुरुवारी ताप उतरला. शनिवारी रात्री मित्रांनी टर्फवर मॅच ठेवली होती, तिथे गेला. साडेनऊला घरी आला तेव्हा घामाने निथळत होता. जबडा आणि डावा खांदा जड झालाय म्हणाला. मी ईनो दिलं, ओवा दिला, ‘चार दिवस नीट जेवला नाहीस, गॅस असेल’ म्हणाले. दोन वाजता उलटी झाली तेव्हा हॉस्पिटलात नेलं. मोठा अटॅक होता. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवलाय, ईएफ 40 सांगितलंय. आमच्या बाबांची बायपास 49व्या वर्षी झाली होती. दादा चोरून सिगारेट ओढायचा, हे आता कळलं. आत्या म्हणते, कोविडच्या लसीने झालं. फ्लूमुळे अटॅक येतो का? मी साडेचार तास घालवले, त्यात किती नुकसान झालं? तो रोज विचारतो, टर्फवर कधी जाऊ? आणि मी 28 वर्षांची आहे, मी काय तपासून घेऊ?
– एक बहीण, सांगली

उत्तर :

तुला ‘तू’ म्हणते. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे, आणि तुझी मेल पहाटे 3 वाजून 10 मिनिटांनी आलेली दिसते. त्या वेळेला जागं राहून पत्र लिहिणाऱ्या मुलीला ‘आपण’ म्हणणं माझ्याच्याने होणार नाही.

चार प्रश्न विचारलेस, पण झोप उडवणारा त्यातला एकच आहे, ईनोचा. तिथूनच सुरू करते.

2011 चा पावसाळा. माझा दवाखाना तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होता. दुधाच्या टेम्पोवरचा एक ड्रायव्हर आला. वय 36, तापाचा पाचवा दिवस. ताप ओसरला होता, पण पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध कुणीतरी पाट ठेवून दाबतंय असं वाटतं म्हणाला. मी ईसीजी काढला. स्वच्छ. पोट तपासलं, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, ‘दोन दिवस तिखट बंद’ सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तो पायरीवर चप्पल घालायला वाकला आणि तिथेच बसला. आमचे कंपाउंडर काका, शिक्षण दहावी, माझ्याकडे न बघता म्हणाले, “मॅडम, अजून एक पट्टी काढू का?” पहिल्या पट्टीनंतर पंचवीस मिनिटं झाली असतील. दुसऱ्या पट्टीवर रेषा अशा उचललेल्या की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावं. ग्रामीण रुग्णालयात गुठळी विरघळवणारं औषध होतं, म्हणून तो वाचला. अजून दिवाळीला फोन करतो. मी मात्र त्या पायरीवरून जाताना आजही खाली बघते.

हे सांगते कशासाठी, तर माझ्याकडे एमडीची पदवी होती, ईसीजीचं मशीन होतं, समोर पेशंट होता, आणि तरी मी गॅसच म्हणाले. तुझ्याकडे ईनोची पुडी होती.

पण ‘तुझं काहीच चुकलं नाही’ असं गोड बोलून तुला झोपवणार नाही, कारण पुढच्या वेळी तुझा उपयोग व्हायला हवा. वेळ गेला, हे खरं आहे. नस बंद झाली की त्यामागचा स्नायू मिनिटामिनिटाने मरायला लागतो, आणि उपचारांचा सगळ्यात जास्त फायदा पहिल्या एक-दोन तासांत होतो. मात्र साडेचार तासांत नक्की किती मेलं आणि त्यातलं तुझ्या खात्यावर किती, याचा हिशेब कुणालाच मांडता येत नाही. गुठळी अनेकदा सुटते, परत बसते. तुझा दादा साडेनऊला पूर्ण बंद नसेने घरी आला की अर्धवट, हे अँजिओग्राफी करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शिवाय तो टर्फवरून दहा मित्रांच्या समोर घामेघूम होऊन निघाला, गाडी चालवत आला. तिथेही कुणी म्हटलं नाही की चल, दवाखान्यात जाऊ. आणि सिगारेट त्याने तुझ्यापासून लपवली होती. ती माहीत असती तर तुझ्या मनात ‘गॅस’ आधी आला असता की दुसरं काही, सांग बरं.

राहिला ईएफचा आकडा. हृदय एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो हा आकडा. निरोगी माणसात साधारण 55 ते 65. 40 म्हणजे कमी, पण अटॅकनंतरच्या पहिल्या काही दिवसांतला 40 हा शेवटचा आकडा धरायचा नाही. रक्त परत सुरू झालेला स्नायू सगळाच मेलेला नसतो, त्यातला काही भाग नुसता बधिर होऊन पडलेला असतो. औषधं नियमित असतील तर तो पुढच्या आठवड्यांत जागा होऊ शकतो. सहा आठवडे ते तीन महिन्यांनी परत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईल, त्या आकड्याला महत्त्व द्यायचं. तोवर घरात कुणी ‘हृदय 40 टक्केच चालतंय’ असं नातेवाइकांना सांगत फिरू नका. तसा त्याचा अर्थ नाही, आणि दादाच्या कानावर ते पडलं की तो जिना चढायलाही घाबरेल.

आता फ्लू.

हो, फ्लूमुळे अटॅकची शक्यता वाढते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 2009 ते 2014 या काळात प्रयोगशाळेत फ्लू पक्का झालेल्या लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास 2018 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच केली. फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत किती अटॅक आले आणि त्याच माणसांना त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षभरात किती. एरवीच्या आठवड्यांत सरासरी तीनच्या जरा वर, आणि फ्लूच्या त्या एका आठवड्यात 20. म्हणजे सहापट. तुझ्या दादाचा शनिवार हा तापाचा सहावा दिवस होता. ताप गुरुवारी उतरला म्हणून त्याने आजार संपला असं धरलं. शरीराच्या हिशेबात तो संपला नव्हता.

एक लक्षात ठेव, त्या अभ्यासातले बहुतेक लोक म्हातारे होते. 35च्या खालचे त्यात नव्हतेच. तरुण माणसाचा मुळातला धोका इतका छोटा असतो की त्याची सहापट केली तरी छोटाच राहतो. या पावसाळ्यात सांगलीत हजारोंना ताप येऊन गेला असेल आणि ते सगळे आता कामावर आहेत. तेव्हा घरात कुणी शिंकलं की छातीला हात लावायचं कारण नाही. पण ‘तरुण’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा लागतो. 52 देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मधलं वय 53 निघालं, बाकीच्यांचं 58-59. आपण पाच वर्षं आधीच रांगेत उभे असतो.

आणि तुझ्या दादाच्या बाबतीत रांग आणखी पुढे सरकली होती. बाबांची बायपास 49व्या वर्षी. वडील किंवा भाऊ 55च्या आत, आई किंवा बहीण 65च्या आत हृदयविकाराने आजारी पडले असतील तर आम्ही ती घराण्याची खूण धरतो. त्यात सिगारेट. तरुणपणी येणाऱ्या अटॅकमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा भेटणारी बाई हीच. अशा माणसाच्या नसेच्या आतल्या अस्तराखाली चरबीचा थर तिशीतच धरलेला असतो. दुधावर साय धरावी तसा, वरून पातळ पापुद्रा. त्याचा त्रास काही होत नाही, कारण नस अजून अर्ध्याहून जास्त मोकळी असते. ट्रेडमिलवर पळवलं असतं तरी कदाचित पास झाला असता.

मग विषाणू आला. त्याच्याशी लढायला शरीर पेटतं, आणि ही आग फक्त नाकाघशात राहत नाही. त्या सायीत आधीच बसलेल्या पेशी चवताळतात, पापुद्रा आतून कुरतडला जातो. रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण दहाने वाढते, म्हणजे हृदयाची मजुरी वाढली आणि खायला कमी. जेवण नाही, पाणी कमी, रक्त दाट. अशात पापुद्रा फाटला की त्यावर गुठळी बसते आणि नस बंद. आणि ताप उतरल्या दिवशी ही आग विझत नाही, निखारे आठवडाभर धुमसतात. त्यावर शनिवारी रात्री टर्फवर धावा काढायच्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

म्हणून ‘फ्लूमुळे झालं का’ याचं माझं उत्तर असं की फ्लूने दिवस ठरवला. आजार आधीपासून होता. हे दादाला सांगशील तेव्हा दोन्ही वाक्यं सांग. नुसतं पहिलं सांगितलंस तर तो म्हणेल की आपल्या हातात काय होतं, आणि सिगारेट परत येईल. नुसतं दुसरं सांगितलंस तर पुढच्या तापात परत बॅट घेऊन निघेल.

आता एक गोष्ट मी विचारते. त्या सोमवार-मंगळवारी तापासाठी त्याला सुई दिली होती का? आपल्याकडे पेशंट दारातूनच म्हणतो, “डॉक्टर, एक सुई मारा, उद्या लाइनवर जायचंय.” आणि आम्हीही मारतो. न मारावी तर तो समोरच्या दवाखान्यात जातो. ती सुई बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकची. ताप उतरतो, अंगदुखी पळते, माणूस खूश. तैवानमध्ये सुमारे दहा हजार हृदयविकाराच्या पेशंटांच्या नोंदी तपासल्या होत्या, 2017 साली ते छापून आलं. सर्दी-खोकला-तापाच्या आजारात या जातीची वेदनाशामकं गोळीतून घेतली तेव्हा अटॅकचा धोका एरवीच्या तिपटीहून जास्त दिसला, आणि सुईतून घेतली तेव्हा सातपट. अशा नोंदींवरून सुईनेच अटॅक आणला असं सिद्ध होत नाही. जास्त आजारी माणूसच सुई मागतो हेही आहेच. पण पॅरासिटामॉलवर भागत असताना ही जोखीम घ्यायची कशाला? पावसाळ्यात तर मुळीच नको, कारण ताप डेंग्यूचा निघाला तर डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, ॲस्पिरिन ही सगळी रक्तस्राव वाढवतात. दादाला आता ॲस्पिरिन कायमची आहे. त्याला पुन्हा ताप आला तर स्वतःच्या मनाने ती बंदही करायची नाही आणि वर दुसरी वेदनाशामक गोळीही घ्यायची नाही. त्याच दिवशी रक्त तपासून हृदयाच्या डॉक्टरांना फोन करायचा. हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लाव.

आत्याचं बोलू. तिच्यावर रागावू नकोस, तिच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ जिममध्ये कोसळणाऱ्या मुलांचे व्हिडिओ येत असणार. हा प्रश्न सरकारी पातळीवरही विचारला गेला. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने देशभरातल्या 47 मोठ्या रुग्णालयांतून 18 ते 45 वयात अचानक, कारण न कळता गेलेल्या 729 जणांची माहिती घेतली आणि त्याच वयाच्या, त्याच परिसरातल्या 2,916 जणांशी ताडून बघितली. 2023 च्या नोव्हेंबरात निष्कर्ष आले. लस घेतल्याने धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत उलट कमी होता. वाढलेला कुणात? कोविडने हॉस्पिटलात राहावं लागलेल्यांत, घरात कुणी असं अचानक गेलेल्यांत, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत, नशा करणाऱ्यांत, आणि त्या दोन दिवसांत जबर व्यायाम केलेल्यांत. आत्याला यातली शेवटची ओळ वाचून दाखव, टर्फ आठवेल.

लसींना काहीच दुष्परिणाम नव्हते असं मात्र मी म्हणणार नाही. परदेशात दिलेल्या एमआरएनए लसींनंतर क्वचित तरुण मुलांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली, कोव्हिशील्डच्या जातीच्या लसीनंतर अगदी विरळा गुठळ्या झाल्या. पण हे डोसानंतरच्या दिवसांत, आठवड्यांत होतं. वर्षं उलटल्यावर, फ्लूच्या सहाव्या दिवशी, वडिलांची बायपास झालेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या नसेतल्या गुठळीचं खापर तिच्यावर फोडायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. कोविडचा आजार स्वतः मात्र साळसूद नव्हता. अमेरिकेत साथीच्या पहिल्या दोन वर्षांत 25 ते 44 वयोगटात हृदयविकाराच्या झटक्याने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जवळपास 30 टक्के जास्त भरले, आणि सगळ्या वयोगटांत ही वाढ याच पोरांत सर्वाधिक होती.

टर्फचा प्रश्न. दादाला माझा निरोप दे की टर्फ कायमचं गेलेलं नाही, पण तारीख कॅलेंडर पाहून ठरत नाही. सध्या चालणं. सपाट रस्त्यावर, बोलता बोलता चालता येईल इतक्याच वेगाने, दर आठवड्याला थोडं वाढवत. तीन महिन्यांचा इको झाला, डॉक्टरांनी स्वतः उभं राहून ट्रेडमिल करून घेतली, नाडी आणि बीपी पाहिलं, की मग पुढचं बोलायचं. जवळपास कुठे हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम होत असेल तर तिथे नाव घाल. भीतीही जाते आणि शिस्तही लागते. आणि स्टेंटनंतरच्या दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साधारण वर्षभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. दाढ काढायची म्हणून दातांच्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्या तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. पहिल्या काही महिन्यांत गोळी सोडली आणि स्टेंट बंद पडला, असे पेशंट मी पाहिलेत. त्यातले सगळे परत आले नाहीत.

त्याच्या टीममधल्या मुलांसाठी वेगळा निरोप आहे, कारण त्यांना वाटेल की आपण सिगारेट ओढत नाही, आपले बाबा ठणठणीत, आपल्याला काय. विषाणू नसेला न शिवता थेट हृदयाच्या स्नायूलाही सूज आणू शकतो, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. कॉक्सॅकी नावाचा विषाणू यासाठी जुना कुप्रसिद्ध. फ्लू, कोविड, डेंग्यू यांच्यातही होतं. विशीतला मुलगा छातीत दुखतं म्हणून येतो, ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढलेलं, सगळे अटॅक समजून अँजिओग्राफी करतात आणि नसा आरशासारख्या स्वच्छ. मग नातेवाईक म्हणतात, उगाच पैसे काढले, काहीच नव्हतं. काहीच नव्हतं असं नाही. हृदयाचा एमआरआय केला की सूज दिसते. अशा मुलाला तीन ते सहा महिने खेळ, जिम, ट्रेक पूर्ण बंद, कारण सुजलेल्या स्नायूला पळवलं तर ठोक्यांची लय बिघडून तो जागीच कोसळू शकतो. जिममधले सगळे व्हिडिओ याचेच असतात असं नाही, पण काही असतात.

त्यामुळे माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक तरुण पोराला मी एकच हिशेब देते. नुसतं नाक गळतंय, तर हलका व्यायाम चालेल. ताप, अंगदुखी, छातीत खोकला, तर ताप औषधाशिवाय पूर्ण गेल्यावरही निदान आठवडाभर घाम गाळायचा नाही. जिमची फी वाया जाते म्हणणाऱ्याला मी कॅथलॅबचं, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचं, बिल विचारते. परत सुरू करताना अर्ध्यापासून, आणि पळताना छाती भरून आली, धडधड झाली, चक्कर आली की तिथेच थांबून त्याच दिवशी ईसीजी. मॅचआधी घोटायची ती पावडर, जिच्या एका मापात तीन-चार कप कॉफीचा ऐवज असू शकतो, ती तापानंतरच्या पंधरा दिवसांत तर हातात धरू नये. आणि जमलंच तर त्या दहा पोरांनी एक संध्याकाळ सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं, शिकण्यात घालवावी. छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब. एकटे असाल तर जोरजोरात खोका, अटॅक थांबतो, असा जो फॉरवर्ड फिरतो तो खोटा आहे. त्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात 108 लावून होतो.

आता तुझं. तुझ्या वयाला आणि तुमच्या घराला काय लागतं ते सांगते, आणि काय लागत नाही तेही, कारण तू भेदरलेली आहेस आणि भेदरलेल्या माणसाला पॅकेज विकणं सगळ्यात सोपं. बीपी मोजून घे. उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. कमरेचा घेर शिंप्याच्या टेपने. आणि आयुष्यात एकदाच करायची एक तपासणी, लायपोप्रोटीन-ए. ही आईबापांकडून येणारी चरबी, आहाराने फारशी हलत नाही, आपल्या लोकांत बऱ्याच जणांत जास्त असते, आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती मोजलीच जात नाही. दादाचीही झाली नसेल तर करून घ्या. त्याची जास्त निघाली तर तुझी आणि दोघांच्या मुलांचीही बघावी लागेल. 28व्या वर्षी सीटी स्कॅन, अँजिओग्राफी, ‘हार्ट चेकअप गोल्ड’ यांची गरज नाही. ट्रेडमिल नॉर्मल आली म्हणून सहा महिने निर्धास्त राहता येत नाही, ते वर सांगितलंच. तू गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील किंवा पुढे घ्यायच्या असतील तर घरातला हा इतिहास स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांग. आणि बायकांत अटॅक नेहमी छातीवर हात ठेवून येत नाही. दम लागणं, विचित्र थकवा, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात जडपणा, कधीकधी एवढ्यावरच येतो. आपण ते झाकतो आणि पोळ्या लाटत राहतो.

फ्लूची लस दादाला, बाबांना, आणि घरातल्या बाकीच्यांनाही. दरवर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर. नुकताच अटॅक आलेल्या अडीच हजार लोकांवर एक चाचणी झाली होती, 2021 साली ती प्रसिद्ध झाली. हॉस्पिटलात असतानाच ही लस दिलेल्यांत पुढच्या वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक आणि स्टेंट बंद पडणं यांचं मिळून प्रमाण खोट्या इंजेक्शनवाल्यांपेक्षा कमी निघालं. आत्याला ‘लस’ हा शब्द ऐकून धक्का बसेल. दादाच्या डॉक्टरांकडूनच तिला सांगायला लाव, तुझं ती ऐकणार नाही.

आणि परत कधी, कुणालाही, नाभीपासून जबड्यापर्यंत कुठेही जडपणा, दाब, जळजळ आणि त्यासोबत घाम असेल, तर ईनो द्यायला हरकत नाही, पण गाडी काढून झाल्यावर. खरं तर गाडीही नको, 108. मोटारसायकलवर मधे बसवून नेलेला पेशंट वाटेत कोसळला तर मागचा माणूस नुसता धरून बसतो. दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे. पहिली पट्टी स्वच्छ आली आणि दुखणं चालूच असेल तर माझ्या कंपाउंडर काकांचा प्रश्न तू विचार, अजून एक काढता का? ट्रोपोनिनही एकदा नॉर्मल आल्यावर काही तासांनी परत बघायचं असतं. डॉक्टर वैतागले तर वैतागू देत. मी त्या दिवशी काकांवर वैतागले होते.

एक बारीक काम राहिलं. दादाचा त्या रात्रीचा पहिला ईसीजी फाइलमध्ये असेल तर आज त्याचा मोबाइलवर नीट फोटो काढ आणि एक झेरॉक्स करून ठेव. पुढे आयुष्यभर प्रत्येक डॉक्टर तो मागेल, कारण नवा ईसीजी ताडून बघायला जुना लागतो. तो थर्मल कागद असतो, वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो. आणि हौसेने लॅमिनेट करायला नेऊ नकोस, उष्णतेने सगळा काळाठिक्कर पडतो.